पाडव्याची फिल्म, वैशाखातला आंबा

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात देवगड तालुक्यातल्या एका बागायतदार कुटुंबाने कणकवलीतल्या दोन माणसांच्या स्टुडिओला काम दिलं. 45 सेकंदांची आडवी फिल्म, तिचीच 30 सेकंदांची उभी आवृत्ती, आणि दोन्ही पाडव्याच्या आठ दिवस आधी हातात. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांकडून पेट्यांची थेट आगाऊ नोंदणी घ्यायची आणि दलालाकडे कमी माल टाकायचा, हा हेतू. पैसे ठरले, तारीख ठरली. अडचण एकच होती: ज्याची जाहिरात करायची तो आंबा झाडावर नव्हता.

हापूसची पहिली पेटी वाशीला जानेवारी-फेब्रुवारीतच पोचल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या दोन-चार आगाप झाडांच्या असतात. या कुटुंबाच्या बागेत त्या वेळी निम्मी झाडं मोहोरावर होती, उरलेल्यांवर वाटाण्याएवढी, गोटीएवढी फळं. काढणी सुरू होणार एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे नोंदणी घ्यायच्या वेळी फळ नाही, आणि फळ येईल तेव्हा नोंदणीची वेळ गेलेली. कोकणातल्या हंगामी मालाच्या जाहिरातीत ही गाठ कायम पडते. आंब्याला पडते, कोकमाला पडते, आणि पावसाळ्यातली हिरवाई दाखवायची असते त्या घरगुती निवासवाल्यांनाही पडते. आदल्या वर्षी चित्रीकरण करून ठेवणं हा खरा उपाय. पण आदल्या वर्षी कुणाला फिल्म करायची नसते.

काय करायचं नाही, ते आधी

पहिला विचार आला तो विकत मिळणाऱ्या तयार चित्रफितींचा. स्टुडिओने सात-आठ पाहिल्या. एकीत तोतापुरी, दोनांत केसर, बाकीच्यांत परदेशी लालभडक आंबे. मुंबईतला चाकरमानी गिऱ्हाईक हापूस लांबून ओळखतो, आणि चुकीचं फळ दाखवणाऱ्याकडून तो पेटी मागवत नाही. एआयने काढून घेतलेल्या चित्रांचंही तेच झालं, वर प्रामाणिकपणाचा प्रश्न: जे फळ बागेत कधी लागलंच नाही ते ‘आमच्या बागेतलं’ म्हणून दाखवायचं कसं? बाजारातून आगाप आंबे आणून त्यांचं चित्रीकरण करावं, असं कुटुंबातूनच सुचवलं गेलं. थोरल्या काकांनी ते एका वाक्यात मोडीत काढलं, आणि बरं झालं.

उरलं ते असं: फेब्रुवारीत बागेत जे खरोखर आहे ते कॅमेऱ्याने घ्यायचं, आणि जे नाही ते उघडपणे रेखाटून हलतं करायचं. रेखाटलेला आंबा कुणालाच फसवत नाही. तो ‘येणारा’ आंबा आहे हे बघणाऱ्याला आपोआप कळतं, आणि आगाऊ नोंदणीच्या फिल्मला तेच तर सांगायचं असतं.

त्याला जोडून दुसरा निर्णय झाला. फिल्म दोनदा बाहेर काढायची: पाडव्याला रेखाटलेल्या फळासह, एप्रिलच्या मध्यावर त्याच तीन जागी खऱ्या फळाचे शॉट बसवून. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने 45 सेकंद म्हणजे 1125 फ्रेम. अॅनिमॅटिकमध्ये, म्हणजे रेखाटनांच्या कच्च्या हलत्या आराखड्यात, अकरा शॉट मांडले आणि त्यांतले तीन ‘जागा’ म्हणून वेगळ्या कॉम्पोझिशनमध्ये (फिल्मच्या स्वतंत्र तुकड्यात) ठेवले: झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, फळ काढणं, 62 फ्रेम, आढी (गवतात पिकायला रचलेली फळं) उघडणं, 75 फ्रेम, कापलेली फोड, 50 फ्रेम. या तिन्ही आकड्यांना नंतर हात लावायचा नाही, हे तेव्हाच लिहून ठेवलं. संगीत, अक्षरं, निवेदन सगळं त्यांवर बेतलेलं असतं. एकीत दहा फ्रेम वाढवल्या की पुढचं सगळं घसरतं.

पैसे आणि कागद

या कामाचा हिशेब असा होता: दोन दिवसांचं चित्रीकरण, कॅमेरा आणि मदतनीस धरून 28,000, ड्रोनचा अर्धा दिवस 8,000, मोशन डिझाइन 30,000, ध्वनी आणि संगीत 9,000, अक्षररेखन 6,000, प्रवास-मुक्काम 7,000, एप्रिलमधला अर्धा दिवस 6,000. एकूण 94,000 रुपये. अर्धे आगाऊ, तीस टक्के रफ कटला (कच्च्या जुळणीला), वीस टक्के शेवटी. एप्रिलच्या अर्ध्या दिवसाचे पैसे आधीच धरल्यामुळे नंतर ‘आता ते दोन-तीन शॉट तेवढे टाकून द्या’ हा संवाद झाला नाही. हा अर्धा दिवस करारात नसेल तर तो फुकट करावा लागतो, असाच बहुतेकांचा अनुभव.

दुरुस्तीच्या दोन फेऱ्या करारात होत्या. मंजुरी नेमकी कुणाची, हे मात्र लिहिलं नव्हतं. ती चूक पुढे महागात पडली.

फिल्ममध्ये काय म्हणायचं यावर एक संध्याकाळ गेली. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. मानांकनाचं चिन्ह वापरायचं तर बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. कुटुंबाची नोंद होती. प्रमाणपत्राची प्रत मागवून घेतली आणि मगच चिन्ह शेवटच्या फ्रेमवर गेलं. मुंबईच्या धाकट्या भावाला ‘शंभर टक्के नैसर्गिक, कार्बाइडमुक्त’ अशी ओळ हवी होती. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी बंदीच आहे. जे करायला मुळात मनाई आहे ते ‘आम्ही करत नाही’ म्हणून मिरवण्यात काय मोठेपण? आणि ‘शंभर टक्के’सारखा दावा केला की तो सिद्ध करायची जबाबदारी अंगावर येते. त्याऐवजी ‘गवताच्या आढीत पिकवलेला’ एवढंच लिहिलं. ते खरं होतं, आणि ते दाखवताही येणार होतं.

त्याच भावाला विजयदुर्गावरून ड्रोनही हवा होता. विजयदुर्ग केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, जुलै 2025 पासून जागतिक वारसा यादीतही आहे. तिथे जाहिरातीचं चित्रीकरण करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते, आणि ती काढून पाडवा गाठणं शक्य नव्हतं. शिवाय किल्ल्याचा आणि या बागेचा संबंध काय, याला कुणाकडे उत्तर नव्हतं. किल्ला गळला.

फेब्रुवारीतले दोन दिवस

या किनाऱ्यावर सूर्य डोंगराकडून उगवतो आणि समुद्रात मावळतो. सकाळी बागेत तिरका, कोवळा उजेड मिळतो. फेब्रुवारीत ऊन साडेदहानंतर करकरीत होतं. एप्रिल-मे त्याहून वाईट: मेच्या पहिल्या आठवड्यात देवगडला सूर्य भर दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो आणि माणसांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्यामुळे चित्रीकरणाची वेळ सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि दुपारी चार ते अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळात मांगरातलं, म्हणजे बागेतल्या शेडमधलं, काम.

मोहोराचे जवळचे शॉट सकाळी सात ते नऊमध्येच उरकले. दहा-अकराला खारा वारा सुटतो आणि मग मॅक्रो लेन्सपुढे मोहोराचा तुरा क्षणभर थांबत नाही. 50 फ्रेमने आणि 1/100 शटरने घेऊन अर्ध्या वेगाने दाखवलं की उरलासुरला हेलकावाही शोभून दिसतो. फांद्या निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तुडतुड्यांच्या चिकट गोड स्रावावर काळी बुरशी धरते आणि पानं काजळल्यासारखी दिसतात. लांबून जाणवत नाही, मॅक्रोत मात्र आख्खी फ्रेम मळकट होते. तोच चिकटा लेन्सवरही येतो, म्हणून पुढे साधा यूव्ही फिल्टर लावून तो दर तासाला पुसायचा. फवारणीचे दिवस बागायतदाराला विचारूनच तारखा घेतल्या. फवारणी झालेल्या बागेत त्या दिवशी पाय ठेवायचा नाही.

उन्हात 25 फ्रेमला शटर 1/50 ठेवायचं, तर उजेड अडवावाच लागतो. वापरलेल्या कॅमेऱ्यात लॉग नोंदणीचा (रंग नंतर दुरुस्त करता यावेत अशा फिक्या चित्रनोंदीचा) किमान आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, 800. भर उन्हात एफ/16 ला शटर साधारण 1/800 येतं. ते 1/50 वर आणायला चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि मागचं धूसर हवं म्हणून एफ/2.8 केलं की आणखी पाच. असे नऊ स्टॉप फिल्टरनेच मारायचे. फिरवायचा स्वस्त एनडी (उजेड अडवणारी काळसर काच) एवढा ताणला की फ्रेमवर काळसर फुली उमटते. म्हणून सहा स्टॉपचा साधा एनडी 64 लावून एफ/8 वर काम केलं. मागची पानं थोडी जास्त स्पष्ट आली, पण फुलीपेक्षा ते परवडलं.

मांगरात एलईडी ट्यूब होत्या. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 25 फ्रेमला 1/50 ठेवलं तर उजेड स्थिर दिसतो. मदतनिसाने फोनवर 30 फ्रेमने पडद्यामागचे काही शॉट घेतले, शटर आपोआप 1/60 झालं आणि त्यांत आडवे पट्टे सरकत राहिले. पेट्या ठोकण्याचा हळू शॉट 120 फ्रेमने घेतला तेव्हा तर सगळा मांगर लुकलुकायला लागला. ट्यूब बंद केल्या, दार सताड उघडलं आणि पेटी उंबऱ्याजवळ आणून पुन्हा घेतला.

पहिल्याच सकाळी एसी गाडीतून काढलेल्या लेन्सवर धुकं धरलं आणि वीस मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी पिशवी आदल्या रात्रीपासून पडवीत ठेवली होती.

ड्रोन 250 ग्रॅमच्या वरचा, म्हणजे मायक्रो वर्गातला. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे धंद्याच्या कामाला अशा ड्रोनसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. पायलट तसा प्रमाणपत्रधारकच घेतला आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या, पट्ट्यात आहे हे पाहून घेतलं. मर्यादा 120 मीटरची, उडवला 40 मीटरवर. त्याहून खाली नको, हा आग्रह काकांचा: ‘मोहोरावर वारा मारू नको.’ पायलटला ते आधी पटलं नव्हतं. पंख्याच्या झोताने खालची सुकी पानं उडालेली दिसली तेव्हा पटलं.

‘हो आमचो आंबो न्हय’

रेखाटलेल्या फळाची पहिली आवृत्ती काकांना फोनवर दाखवली तेव्हा मिळालेला हा शेरा. आणि तो बरोबर होता. डिझायनरने संदर्भ इंटरनेटवरून घेतले होते, त्यामुळे फळाला ठसठशीत चोच आली होती, खालचा भाग निमुळता, आणि रंग लिंबाच्या सालीसारखा. हापूसला देठाकडे रुंद खांदे असतात, अंग अंडाकृती, चोच जवळजवळ नाहीच. पिकल्यावर रंग केशरीकडे झुकतो. उन्हाच्या बाजूला खांद्यावर जरा लाली असली तर असते. सालीवर बारीक फिकट ठिपके असतात, ते नसले की फळ मेणाचं वाटतं.

फळ हाताशी नव्हतं. मग कुटुंबाच्या फोनमधले गेल्या हंगामातले चाळीसेक फोटो मागवले. त्यांतले सहा नीट समोरून काढलेले निघाले. त्यांवरून बाह्यरेषा गिरवली आणि सहा रेषांची मिळून एक केली.

पिकण्याचं अॅनिमेशन इथे सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेलं. हिरव्याच्या कीफ्रेमवरून (बदल जिथे सुरू होतो ती खुणेची फ्रेम) थेट केशरीच्या कीफ्रेमवर गेलं तर मधे सगळं फळ एकदम शेवाळी-पिवळं होतं, दिवा मंद-तेज केल्यासारखं. खरं फळ तसं पिकत नाही, ते डागाडागाने पालटतं. म्हणून चार थर केले: तळाला हिरवा; त्यावर पिवळा, जो फ्रॅक्टल नॉइजच्या (सॉफ्टवेअरने काढलेल्या ढगाळ डागांच्या) मऊ मुखवट्यातून दोन-तीन ठिकाणी उगवून पसरतो; त्यावर खांद्याजवळचा केशरी, दहा फ्रेम उशिरा सुरू होणारा; आणि सगळ्यात वर ठिपके, जे रंग बदलला तरी हलत नाहीत. ठिपक्यांचा थर फळाबरोबर फिरला नाही तर साल फळावरून घसरते आहे असं दिसतं. पहिल्या रेंडरमध्ये तेच झालं होतं.

बाह्यरेषा हाताने काढल्यासारखी थरथरती हवी होती. एकाच फळाच्या तीन रेषा काढून त्या प्रत्येकी दोन फ्रेम धरून फिरवल्या, म्हणजे सेकंदाला साडेबारा चित्रं. प्रत्येक फ्रेमला नवी रेषा दिली की थरथर कापरं भरल्यासारखी होते. मागचा संध्याकाळच्या आकाशाचा उतरता रंग 8 बिटमध्ये पट्ट्यापट्ट्यांचा दिसत होता. प्रोजेक्ट 16 बिटवर नेला, वर दीड टक्का नॉइज टाकला. याहून जास्त टाकला तर वॉट्सअॅपच्या दाबणीत त्याचा चिखल होतो.

अक्षरं

मराठी फिल्ममध्ये अक्षरं ही शेवटी चिकटवायची गोष्ट समजली जाते. इथे ती निम्मी फिल्म होती, आणि सगळ्यात मोठी चूकही तिथेच झाली.

मुख्य ओळ: ‘किनाऱ्यावरच्या कातळातला हापूस’. आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती पहिल्यांदा टाकली तेव्हा ‘कि’ची वेलांटी क च्या उजवीकडे गेली आणि ‘च्या’ पाय मोडून उघडा पडला. जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्समध्ये साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न हे इंजिन निवडावं लागतं, नाहीतर देवनागरीची मोडतोड ठरलेली. लेबलवाल्या छापखान्याकडून आलेली कोरलची फाइल तर उघडल्यावर निव्वळ चिन्हांची रांगोळी होती. मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टात बसवलेला, तो फॉन्ट स्टुडिओत नव्हता. अशा फाइलीतून अक्षरं उचलायच्या फंदात न पडता मजकूर नव्याने टाइप करावा आणि छापखान्याकडून फक्त आकारात बदललेला, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणारा, लोगो मागवावा.

फॉन्ट निवडताना ल आणि श बघायचे. पुष्कळ देवनागरी फॉन्टांत मराठी वळणाचा ल आणि श आत असतो, पण भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगितलं तरच तो बाहेर येतो. मोशनच्या सॉफ्टवेअरवर त्यासाठी विसंबू नये. ज्याचे मूळ आकारच मराठी आहेत असा फॉन्ट घ्यावा. टिरो देवनागरी मराठी त्यासाठीच बनलेला आहे, छोट्या मजकुराला तोच वापरला. मुख्य ओळ हाताने लिहून घेतली.

शिरोरेषा म्हणजे ताणलेली दोरी आणि तिला लटकणारी अक्षरं, अशी हालचाल ठरली. आधी रेषा डावीकडून उजवीकडे 18 फ्रेममध्ये ओढली जाते, मग एकेक अक्षर खाली उलगडतं, प्रत्येकी तीन फ्रेम. ओळीत अक्षरं चौदा: कि, ना, ऱ्या, व, र, च्या, का, त, ळा, त, ला, हा, पू, स. म्हणजे 18 अधिक 42, साठ फ्रेम. त्यानंतर वाचायला पन्नास. सॉफ्टवेअरचा अक्षरागणिक चालणारा तयार अॅनिमेटर इथे कुचकामी. त्याला ‘च्या’ हे एक अक्षर आहे हे कळत नाही, तो काना वेगळा नाचवतो. म्हणून ओळ इलस्ट्रेटरमध्ये आकारात बदलली, शिरोरेषा सुरीने आडवी कापून वेगळी केली आणि चौदा अक्षरं चौदा थरांत ठेवली. रेषेच्या वरचा वेलांटीचा भाग अक्षराबरोबरच.

यात दोन खोड्या निघतात. कापलेल्या जागी केसाएवढी फिकट फट दिसते, कारण दोन्ही तुकड्यांच्या कडा वेगवेगळ्या मऊ होतात. तुकडे दोन पिक्सेल एकमेकांवर चढवले की ती जाते. पण मग अक्षरं एकेकटी पुसट करत आणायची नाहीत, नाहीतर चढलेला भाग गडद पट्टी म्हणून उठून दिसतो. पुसट करायचं ते सगळं मिळून, वरच्या कॉम्पोझिशनवर. अक्षरांभोवती बाह्यरेषा हवी असेल तर आधी सगळे आकार एकजीव करावे लागतात, नाहीतर प्रत्येक अक्षराच्या शिवेवर शिरोरेषा चिरलेली दिसते. एसटी स्टँडवरच्या जाहिरातींत हे नेहमी पाहायला मिळतं. आणि अक्षरांतलं अंतर वाढवायचं नाही. शिरोरेषा तुटते.

उभ्या आवृत्तीत खालचे सुमारे 350 पिक्सेल आणि उजवीकडचे 120 मोकळे ठेवले. तिथे अॅपची बटणं आणि नाव येतं.

पाडव्याआधीचे सहा दिवस

काकांनी फिल्म मंजूर केली. मधल्या भावाने केली. मुंबईच्या धाकट्या भावाने ती सगळ्यात शेवटी पाहिली आणि उभ्या आवृत्तीत एक ओळ बदलायला सांगितली: ‘किनाऱ्यावरून थेट तुमच्या दारी’. करारात मंजुरी देणारा एक माणूस नेमलेला नसल्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

मुख्य डिझायनर त्या दिवशी दुसऱ्या कामावर. बदल स्टुडिओतल्या दुसऱ्या मशिनवर झाला, मजकूर भावाच्या वॉट्सअॅप निरोपातून उचलून. ‘ऱ्या’ दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत खाली टिंब असलेला ऱ वापरतात. दुसरीत साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह ठेवायचं. निरोप दुसऱ्या रीतीचा होता. एका साध्या मजकुराच्या खिडकीतून इकडे आणताना ते जोडचिन्ह गळलं आणि र उडून य वर रफार होऊन बसला: ‘किनार्यावरून’. त्यातच त्या मशिनवर फॉन्ट नव्हता. सॉफ्टवेअरने आपल्या मनाने दुसरा लावला, त्यात ल हिंदी वळणाचा. पूर्वपरीक्षणाची फाइल 720 पिक्सेलची, फोनवर पाहिलेली, आणि ओळ पडद्यावर दोन सेकंद. कुणाच्याच डोळ्यांना काही टोचलं नाही.

फिल्म गेली. दोन दिवसांनी गावातल्या शाळेच्या बाईंनी फोन करून चूक दाखवली. तोवर ती कुटुंबाच्या सगळ्या गटांतून, तिथून पाहुण्यांच्या गटांतून पुढे गेली होती. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली, नवी फाइल लगेच पाठवली, पण पुढे गेलेली फाइल परत बोलावता येत नाही. पाडव्याच्या दिवशीही जुनीच फिरत होती. स्टुडिओने त्या फेरीचे पैसे लावले नाहीत.

यानंतर तिथे एक कागद आला, त्याला ते अक्षरपत्रक म्हणतात. फिल्ममधली प्रत्येक अक्षरफ्रेम स्थिर चित्र म्हणून एकाखाली एक, अंतिम रेंडरमधून काढलेली, प्रोजेक्टमधून नव्हे. ती छापून, फिल्मशी संबंध नसलेल्या माणसाने मोठ्याने वाचायची. फोन नंबर आकडा-आकडा वाचायचा. मग एकाच ठरलेल्या माणसाची सही. कितीही लहान बदल झाला तरी पत्रक नवं.

आवाज आणि फाइली

भावाला चालू सिनेमातलं गाणं हवं होतं. हक्क घेतल्याशिवाय ते जाहिरातीत चालत नाही आणि धंद्याच्या खात्यावरून चढवलं तर आवाज बंद होण्याची शक्यता मोठी. दशावताराला साथ करणाऱ्या वादकांकडून पेटी, पखवाज आणि झांज यांवर 45 सेकंदांचा तुकडा करून घेतला, हक्कांचा कागद करून. आंब्याच्या पेटीला वाजवायची पेटी, असा विनोद अर्थातच झाला. काकांचं एक मालवणी वाक्य माजघरात गोधड्या टांगून घेतलं. बागेतले आवाज सकाळी, मायक्रोफोनला केसाळ टोपी घालून. अंतिम पातळी -14 एलयूएफएस (आवाज किती मोठा भासतो ते मोजायचं एकक).

मूळ प्रत प्रोरेस 422 एचक्यू या कमी दाबलेल्या स्वरूपात, 1080 ला, 45 सेकंदांची जवळपास 1 जीबी. ती पेनड्राइव्हवर हातात दिली, कारण कातळावरच्या त्या घरात एवढी फाइल उतरवायला दिवस गेला असता. फिरवायची उभी प्रत 4 मेगाबिटवर, 15 एमबीची. व्हिडिओ म्हणून पाठवली की वॉट्सअॅप ती पुन्हा दाबतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर दाबत नाही, पण मग गटात ती चटकन कुणी उघडत नाही. वाऱ्यावर हलणाऱ्या पानांचा एक सुंदर शॉट दाबणीनंतर चौकोनी ठोकळ्यांचा झाला. तो उभ्या आवृत्तीतून काढून स्थिर कॅमेऱ्यावरचा मोहोर घातला.

एप्रिल

14 एप्रिलला सकाळी सव्वासहापासून तीन जागांचे तीन शॉट घेतले. प्रत्येकाच्या मागे-पुढे किमान बारा फ्रेम जादा. रेखाटलेलं फळ ज्या बाजूने फ्रेममध्ये येत होतं त्याच बाजूने झेला आला, म्हणून जोड बसली. फळ देठासह काढायचं आणि चीक सालीवर येऊ द्यायचा नाही, ही काढणाऱ्याची शिस्त. कॅमेऱ्यासाठी झेला पुन्हा वर न्यायला लावला तर त्याचा हात चुकतो आणि फळ डागतं. म्हणून दोनच वेळा. कापायला बारा फळं घेतली होती. तिसऱ्याच फळात साका, म्हणजे गरातला पांढरट खराब भाग, निघाला, पुढची चार जराशी हिरवट, आठवं चांगलं आलं. साका बाहेरून ओळखू येत नाही, त्यामुळे फोडीच्या शॉटला एक डझन फळं धरावीच. आकड्यांची चौकट पाळल्यामुळे दुसरी आवृत्ती एका दुपारी तयार झाली, आणि या वेळी अक्षरपत्रकासह.

पुढच्या पाडव्यासाठीचा खरा शॉट त्याच दिवशी सुरू केला: दहा दिवसांत पिकणारं फळ. आढीत गवताखाली काही दिसत नाही, म्हणून त्याच खोलीत बाजूला फळीवर सहा फळं मांडली. खिडकी कांबळ्याने बंद, एक एलईडी पॅनल, कॅमेरा बॅटरीऐवजी अॅडॅप्टरवर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हातानेच पक्के. चार सेकंदांच्या शॉटला शंभर फ्रेम पुरतात, म्हणजे दर 144 मिनिटांनी एक. प्रत्यक्षात दर अर्ध्या तासाला एक लावली, दहा दिवसांच्या 480. पाचव्या रात्री तीन तास लाइट गेली. इन्व्हर्टरवर कॅमेरा होता, पॅनल नव्हतं. सहा फ्रेम काळ्या आल्या. त्या काढून शेजारच्या फ्रेमांवरून भरल्या. सहापैकी उजवीकडच्या टोकाचं फळ सातव्या दिवशी कुणीतरी खाल्लं, ते मात्र भरता आलं नाही. शॉट आता पाच फळांचा आहे, थोडा उजवीकडून कापलेला.